पीटीचा तास गणिताला देण्याआधी : संस्थाचालक आणि मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांचे संस्थाचालक, शालेय समित्यांचे सभासद आणि मुख्याध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरचा निवृत्त पीटी सर. एकाच शाळेत एकतीस वर्षं शिट्टी फुंकली. शाळेचं नाव इथं लिहीत नाही. जे सांगायचंय ते त्या एका शाळेपुरतं नाही, आणि तिथले शिपाईमामांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे मला अजून चहा पाजतात.

गेल्या आठवड्यात असाच चहाला गेलो होतो. स्टाफरूमच्या टेबलावर नव्या वर्षाचं वेळापत्रक पसरलेलं होतं. नववी-दहावीच्या रकान्यांत 'शा. शि.' च्या जागी पेन्सिलीनं 'गणित जादा', 'इंग्रजी जादा' असं लिहिलेलं दिसलं. मी बोट ठेवलं तशा पर्यवेक्षिका बाई म्हणाल्या, "सर, अजून पक्कं नाही. पालकांची मागणी आहे." पेन्सिलीनं लिहिलंय म्हणजे खोडता येतं, म्हणून घाईनं हे पत्र लिहितोय. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्याही शाळेत असंच टेबल आणि अशीच पेन्सिल असणार, एवढं मी एकतीस वर्षांत शिकलोय.

'खेळाचे महत्त्व' या विषयावर मी काही लिहिणार नाही. तो निबंध तुम्ही आठवीत लिहिलाय, मीही लिहिलाय, आणि आपल्या दोघांनाही दहापैकी सहा मिळाले असतील. त्यापेक्षा एका हायस्कूल मास्तरांची गोष्ट सांगतो.

सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे. त्यांच्यावर हिंदीत चित्रपट आला आणि नाव पोरासोरांच्या तोंडी झालं, बरं झालं. चित्रपटात ते कोच म्हणून दिसतात आणि ते खरंच आहे. १९५० पासून १९६३ मध्ये जाईपर्यंत भारताच्या फुटबॉलमधलं जे चांगलं, त्यातलं बहुतेक त्यांच्या हाताखालून गेलं. पण मला त्यांच्या आयुष्यातला त्याआधीचा भाग जास्त जवळचा वाटतो. जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा. उस्मानिया विद्यापीठातून बी.ए. झाले आणि मास्तरकी धरली. काचीगुड्याची मिडल स्कूल, उर्दू शरीफ शाळा, मग दारुल उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल. मधे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शेवटच्या दोन शाळांत खेळाची जबाबदारी अंगावर घेतली. म्हणजे हा माणूस आधी वर्गात खडू धरून उभा राहिला आणि मग मैदानात उतरला. हा क्रम ध्यानात ठेवा, मी त्यावर परत येणार आहे.

स्वतः ते विद्यापीठाकडून आणि गावातल्या क्लबांकडून खेळत. १९४३ मध्ये हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांच्याकडं आला. शाळामास्तरानं पोलिसांना शिस्त शिकवायची! त्या वेळी आपला मराठवाडा त्याच राज्यात होता बरं का. १९५६ पर्यंत नांदेड-परभणीचा माणूससुद्धा कागदोपत्री हैदराबादचाच होता. म्हणजे रहीमसाहेब अगदीच परके नाहीत.

या पोलिसांच्या संघानं काय केलं हे मुंबईच्या जुन्या माणसांना विचारावं. रोव्हर्स कप म्हणजे १८९१ पासूनची स्पर्धा, कुपरेजच्या मैदानावरची. कलकत्त्याचे मोठे क्लब तिथं यायचे. तो कप १९५० ते १९५४ अशी ओळीनं पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी नेला.

त्यातली एक फायनल आमच्या मास्तरांनी पाहिली होती. आमचे मास्तर म्हणजे मला शाळेत शिकवणारे पीटी सर. तरुणपणी मुंबईला मिलमध्ये बदली कामगार होते. पाळी बुडवून कुपरेजला गेले होते आणि त्या दिवसाचा पगार गेला त्याचं दुःख वीस वर्षांनी आम्हाला सांगतानाही ते हसत हसत सांगायचे. पुढं कोल्हापूरला परत आले, शिकले, मास्तर झाले. पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराला मी त्यांच्या हाताखाली होतो. त्यांच्याकडं एक चमत्कारिक प्रकार होता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते मैदानावर यायचे आणि सांगायचे, "आज डाव्या पायाची मॅच. उजवा लागला की फाऊल."

तुम्ही कधी खेळून बघा. वर्गातला सगळ्यात भारी पोरगा, ज्याच्या मागं सगळे धावायचे, तो बॉलला पाय लावायला जायचा आणि बुडावर आपटायचा. सगळं मैदान हसायचं. आमच्यात एक डावखुरा होता. अंगानं काडी, कुणी संघात घेत नसे. त्या शनिवारी तो राजा झाला. पाच गोल केले. पुढच्या शनिवारी मास्तरांनी त्याला बाजूला घेतलं, "तू उजव्यानं मारायचं." त्याचं तोंड पडलं. मास्तर म्हणाले, "डावा पाय तुला बापानं दिलाय. उजवा तू कमव."

दुसऱ्या एका शनिवारी नियम असा, की बॉल आला की दोन स्पर्शांत पुढं सोडायचा. तिसरा स्पर्श झाला की बॉल समोरच्या संघाला. आणखी एक दिवस ड्रिब्लिंग बंद, कुणाला चकवायला गेलास की फाऊल. आम्ही विचारलं, हे कुठून काढलंत सर? तर म्हणायचे, "हैदराबादचं हाय हे." मला कितीतरी वर्षं वाटायचं, बिर्याणीसारखा तिकडचा एखादा प्रकार असेल.

मास्तर गेल्यावर, मी स्वतः पीटी सर होऊन दहा-बारा वर्षं झाल्यावर रहीमसाहेबांबद्दल वाचलं आणि खुर्चीतून उठून उभा राहिलो. त्यांनी हैदराबादमध्ये अशाच स्पर्धा भरवल्या होत्या. कमकुवत पायानंच खेळायचं. ड्रिब्लिंग करायचं नाही. त्या काळात आपल्याकडं फुटबॉल म्हणजे एकट्यानं चार जणांना चकवणं. प्रेक्षक त्यालाच पैसे द्यायचे, टाळ्या वाजवायचे. रहीमसाहेबांनी नेमकं तेच काढून घेतलं. मग खेळाडूनं करायचं काय? मान वर करायची, कोण मोकळा आहे ते बघायचं, बॉल द्यायचा आणि आपण रिकाम्या जागेत पळायचं.

इथं मला त्यांच्यातला मास्तर दिसतो. पाढे येत नसलेल्या पोराला आपण काय करतो? पुस्तक मिटून घेतो. व्याकरण शिकवताना एकाच काळात दहा वाक्यं लिहायला लावतो. ज्या आधारावर पोरगं रेलून बसलंय तो आधार हळूच काढायचा आणि ते पडणार नाही इतक्या अंतरावर उभं राहायचं. रहीमसाहेबांनी मैदानावर तेच केलं. त्यांच्याकडं परदेशी कोचसारखं सामान नव्हतं, शास्त्रज्ञांची फौज नव्हती. वर्गात शिकवायची सवय होती, आणि तो अभ्यासक्रम त्यांनी गवतावर आणला.

आता तुम्ही म्हणाल, निकाल काय लागला? शाळावाल्यांना निकाल लागतो, मला माहीत आहे. आधी नापास झालेला पेपर दाखवतो. १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक. युगोस्लाव्हियानं भारताला १०-१ असं हरवलं. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते आणि तिकडची थंडी. रहीमसाहेबच कोच होते. आजच्या शाळेत एवढ्या मार्कांवर त्या सरांची त्याच दिवशी बदली झाली असती. त्या पराभवानंतर भारतात बूट घालून खेळणं सक्तीचं झालं, आणि रहीमसाहेब पुढच्या तुकडीला लागले.

चार वर्षांनी मेलबर्न. ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच देशात ४-२ असं हरवलं. तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे, ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया, आणि पहिला गोल आपला होता, तोही नेव्हिलचाच. पुढं ४-१ असे हरलो, तिसऱ्या जागेच्या सामन्यात बल्गेरियाकडूनही हरलो. चौथा नंबर. दहा गोल खाल्लेल्या संघाशी चार वर्षांनी थोडा वेळ का होईना आघाडी घेऊन खेळणं, याला मी निकाल म्हणतो. प्रगतिपुस्तकात असं पोरगं दिसलं तर तुम्ही पालकांना बोलावून पेढे मागाल.

त्या संघात हैदराबादची कितीतरी पोरं होती. त्यांतला एक तुळशीदास बलराम, सिकंदराबादकडचा गरीब घरातला मुलगा. सरावाला रोज लांब यायला त्याच्याकडं पैसे नव्हते. रहीमसाहेबांनी सांगितलं, सायकल भाड्यानं घे, भाडं मी देतो. ही गोष्ट तुम्हाला नवलाची वाटत असेल तर आपल्या शाळेतल्या कुठल्याही पीटी सरांच्या खिशात हात घाला. बूट, बँडेज, एस.टी.चं भाडं, मॅचनंतरची केळी आणि वडापाव, कशाचीच पावती तुमच्याकडं आलेली नसते.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला फार आवडते. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात रहीमसाहेबांचा मुलगा होता, शाहिद हकीम. बाप कोच. मुलगा संपूर्ण स्पर्धेत एकही सामना खेळला नाही. पुढं हकीम हवाई दलात अधिकारी झाले, आंतरराष्ट्रीय रेफरी झाले, २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कारही मिळाला. पण रोममध्ये बाकावर. संस्थाचालकांच्या पुतण्याला संघात घ्या म्हणून मला आलेले फोन आठवले की मी हे मनाशी म्हणतो. असो.

मग १९६२ चं जकार्ता, तिथलं एशियाड. इस्रायल आणि तैवान यांना इंडोनेशियानं येऊ दिलं नाही. भारताचे ऑलिंपिक समितीतले प्रतिनिधी जी. डी. सोंधी यांनी त्यावर हरकत घेतली आणि तिथले लोक भारतावर खवळले. मोर्चे निघाले. आपल्या खेळाडूंना रस्त्यावरून जायची चोरी. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ अशी हार. थायलंडविरुद्ध जिंकलो, पण बचावाचा खांब जर्नेल सिंग डोकं फोडून बसला. टाके पडले. पुढं जपानला हरवलं, उपांत्य फेरी गाठली. टाके पडलेला माणूस बचावात ठेवला तर उंच बॉलला डोकं घालणार कसा? रहीमसाहेबांनी त्याला बसवलं नाही, सरळ पुढं फॉरवर्डला पाठवलं. उपांत्य सामन्यात जर्नेलनं गोल केला. ४ सप्टेंबरची फायनल, समोर तीच कोरिया, मैदानात सगळा आवाज भारताच्या विरोधात. पी. के. बॅनर्जींनी एक गोल केला आणि दुसरा जर्नेलनं. २-१. हाफबॅक म्हणून आपल्या मुंबईच्या टाटाचा फॉर्च्युनॅटो फ्रँको होता, मूळ गोव्याचा. भारताला सुवर्णपदक. त्याआधी १९५१ ला दिल्लीत मिळालेलं, तेव्हाही रहीमसाहेबच. १९६२ नंतर आजवर एशियाडमध्ये फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला मिळालेलं नाही. १९७० ला कांस्य, तेवढंच.

जकार्तानंतर नऊ महिन्यांत, ११ जून १९६३ ला, रहीमसाहेब फुफ्फुसाच्या कॅन्सरनं गेले. त्रेपन्न वर्षांचे होते. सिगारेट सुटली नाही कधी. पीटी सरांनी आदर्श असावं म्हणतात, तेवढ्यापुरते नव्हते. देशानं कोचसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू केला तो १९८५ मध्ये. मी जन्मलो १९६३ मध्ये. त्यांना पाहिलं नाही, त्यांच्या शिष्यांनाही भेटलो नाही. कुपरेजवर पाळी बुडवून गेलेल्या एका मिल कामगारामार्फत त्यांचं थोडंसं माझ्यापर्यंत आलं, आणि माझ्या हातून शनिवारी दुपारी काही शेकडा पोरांपर्यंत गेलं. त्यांतल्या कुणाला नाव माहीत नाही.

आता आपल्याकडं येऊ.

आमच्यात कुणी रहीम नाही, कबूल. मी तर नाहीच. पहिली दहा वर्षं मीही काठी आणि शिट्टीवाला सर होतो. वर्गात पन्नास पोरं; त्यांतली बरी अकरा-बारा निवडायची, त्यांना घाम काढायचा, बाकीच्यांनी भिंतीवर बसायचं. तालुक्याला जाऊन ढाल आणली की माझा सत्कार. भिंतीवरच्या पोरांचं काय झालं, कुणी विचारलं नाही, मीही नाही. एकदा त्या भिंतीवरच्या एका पोराची वही माझ्या हाती लागली. अभ्यासाची समजून मी उघडली. त्यात रेघा मारून त्यानं लिहून ठेवलं होतं, कुणी किती पास दिले, किती चुकले, कुठल्या बाजूनं जास्त चुकले. तीन महिन्यांचं. मला सरळ दिसलं की आमच्या डाव्या बाजूला बॉल गेला की तो परत येत नाही, आणि ते त्या पोराला माझ्या आधी दिसलं होतं. त्याला खेळायला कधी मिळालं नव्हतं. आज तो शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला आहे आणि रविवारी मॅचला रेफरी असतो. मला रस्त्यात भेटला की आधी पाया पडतो आणि मग माझ्या चुका सांगतो.

त्यानंतर मी भिंत बंद केली. पन्नास पोरांचे सहा संघ, छोटं मैदान, विटांचे गोल. डाव्या पायाची मॅच परत आणली. ढाली कमी झाल्या, हे खरं. त्यावर त्या वेळच्या कमिटीत बोलणं झालं, तेही खरं.

तुमचे पीटी सर दिवसभर काय करतात, ते एकदा त्यांच्या मागं फिरून बघा. सकाळी परिपाठाला रांगा लावायच्या. कुणाची नखं, कुणाचे केस, कुणाचा शर्ट बाहेर. कुणी सर रजेवर, की 'ऑफ तास पीटी सरांना द्या'. वर्गात दंगा झाला की पोरांना पीटी सरांकडं पाठवायचं, म्हणजे आम्ही शाळेचे फौजदार. स्नेहसंमेलनाचा मांडव, सहलीच्या गाड्या, पंधरा ऑगस्टचं संचलन. निवडणूक आली की यादी घेऊन दारोदार. शिक्षण हक्क कायद्यात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बाहेरचं काम द्यायचं नाही असं कलम आहे. निवडणूक मात्र कधी संपतच नाही. त्याच कायद्यानं शंभराच्या वर पट असलेल्या सहावी ते आठवीच्या शाळेत शारीरिक शिक्षणासाठी माणूस सांगितला आहे, पण अर्धवेळ निदेशक म्हणून. अर्धवेळ! पोराचं अंग काय अर्धा वेळ वाढतं? आणि दहावीचे फॉर्म भरायची वेळ आली, की अचानक केबिनमध्ये बोलावून खुर्ची देतात, कारण खेळाचे सवलतीचे गुण आणि त्यांचे प्रस्ताव. पोरगं दोन वर्षं मैदानावर दिसलेलं नसतं आणि बाप म्हणतो, "सर, एक सर्टिफिकेट बघा की."

मैदानावर म्हणाल तर शालेय स्पर्धा म्हणजे बाद पद्धत. आमची पोरं पावसाळाभर सराव करायची, तालुक्याला जायची, पहिल्या सामन्यात पेनल्टीवर हरायची आणि दुपारच्या एस.टी.नं घरी. वर्षाचा हंगाम चाळीस मिनिटांत संपला. सुब्रोतो कप १९६० पासून चालू आहे, हवाई दल मोठ्या कष्टानं चालवतं, दिल्लीत जाऊन खेळायचं स्वप्न प्रत्येक पोराला असतं. पण दिल्ली एका संघाला. बाकीच्या पोरांनी काय करायचं?

२०१७ ला १७ वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला. नवी मुंबईत सामने झाले. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. पेठापेठांत बोर्ड लागले, शाहू स्टेडियमवर गप्पा दुसऱ्या नव्हत्या. त्या आधी १५ सप्टेंबरला राज्यात 'मिशन वन मिलियन' झालं. एका दिवशी दहा लाख पोरांनी फुटबॉल खेळायचा. आमच्या शाळेलाही बॉल आले. फोटो काढले, फोटो वर पाठवले. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू; साडीतल्या बाईंनीसुद्धा बॉलला लाथ मारली. पुढच्या वर्षी जूनमध्ये नववीचा एक तास मराठीच्या जादा वर्गाला गेला. बॉलमधली हवा तेवढी राहिली.

कोल्हापुरात फुटबॉल तालमींनी जगवला. पाटाकडील असो, खंडोबा असो, दिलबहार असो, बालगोपाल असो. लीगला शाहू स्टेडियम भरतं आणि त्यात भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे असतात. पण तालमीत पोरगं जातं ते खेळता येत असेल तर. पेठेतलं असेल तर. मुलगी असेल तर फार क्वचित. शाळेच्या मैदानावर मात्र सगळ्यांनाच यावं लागतं, जाडा, काडी, लाजाळू, डावखुरा. ज्या पोराला आपण खेळू शकतो हे अजून ठाऊकच नाही, ते पोरगं फक्त शाळेच्या पीटीच्या तासाला सापडतं. तो तास तुम्ही पेन्सिलीनं खोडताय.

हिशेब करू. नववीला आठवड्याला दोन तासिका, पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या. सत्तर मिनिटं. त्यांत रांग लावणं, बूट घालणं, पाणी पिणं धरा, पन्नास उरतात. एवढ्या मिनिटांसाठी गणिताच्या सरांना दुपारी जेवणानंतर पेंगणारी पोरं देताय. गणिताचे सर माझे मित्र आहेत. मी त्यांना विचारलं, हा तास हवाय का? म्हणाले, "मला नको, मला पहिला तास द्या."

मी मागतोय ते फार नाही. नववी-दहावीच्या पीटीच्या तासाला हात लावू नका. पाचवीला जे सर वर्गाला मिळतात तेच दहावीपर्यंत राहू द्यात, दर वर्षी अदलाबदल करू नका. रहीमसाहेबांजवळ होती ती मोठी गोष्ट हीच होती. तीच माणसं, वर्षानुवर्षं, नजरेसमोर. बलराम १९५६ मध्येही त्यांच्याकडं होता आणि १९६२ मध्येही. ज्या सरांना पोराचा डावा पाय पाचवीत माहीत आहे त्यांनाच नववीत तो कुठं पोचला ते कळतं. एका संघाऐवजी वर्गावर्गांची लीग लावा, आपल्याच मैदानावर. त्याला क्रीडा कार्यालयाची परवानगी लागत नाही आणि एस.टी.चं भाडंही लागत नाही. नियम आठवड्याला बदलू द्या. मुलींचे संघ वेगळे नको असतील तर मिसळून लावा, मी लावले होते, दोन पालक आले होते भांडायला, दुसऱ्या मॅचला तेच शिट्ट्या मारत होते. आणि पोराला शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला पाठवणं बंद करा. जिथं आनंदानं यावं अशी जागा आम्ही तयार करतो, तिथंच तुम्ही गुन्हेगार पाठवता.

मैदान लग्नाला भाड्यानं देता, त्यावर मी बोलणार नाही. संस्थेला पैसा लागतो, छप्पर गळतं, मला कळतं. फक्त मांडववाल्याला सांगा, पहारीनं पाडलेली भोकं बुजवून जायचं. माझ्या एका पोराचा घोटा त्या भोकात गेलाय.

ज्या शाळेत मी होतो तिथल्या पर्यवेक्षिका बाईंना मी सांगून आलोय, वेळापत्रक पक्कं करायच्या आधी एक शनिवार मला द्या. नववीची दोन्ही तुकड्यांची पोरं, आणि जमलं तर गणिताचे सर. डाव्या पायाची मॅच लावतो. फक्कीचं पोतं माझ्या घरी जिन्याखाली आहे, रेषा मी सकाळीच मारून ठेवतो. स्टोअररूममध्ये अकरा बॉल आहेत, त्यांतले चार पंक्चर. पंप शिपाईमामांकडं आहे, पण सुई हरवली आहे म्हणतात. ती मी येताना मंगळवार पेठेतून घेऊन येईन.

कळावे.

आपला नम्र,
एक निवृत्त पीटी सर
कोल्हापूर